पालथं पडून बघायचं बेट

आमच्या घरमालकांना आदिमानव सोडून दुसऱ्या कुणाचंच काही पटत नसे. अंबाबाईचं देऊळ बघून आलेले पाहुणे कौतुक करायला लागले, की हे तंबाखू मळावी तसे तळहात चोळत म्हणायचे, "आत्ता आत्ताचं हाय हो ते." पन्हाळ्याची तटबंदीसुद्धा आत्ता आत्ताचीच. माझ्या आजेसासूची नथ मी एकदा मोठ्या हौसेनं दाखवायला नेली, तर ती हातात न घेताच म्हणाले, "बरी हाय. आत्ता आत्ताची दिसती." माणसानं शेती सुरू केली तिथंच सगळं बिघडलं, असं त्यांचं मत होतं. आणि हे मत मांडणाऱ्या माणसानं अख्खी हयात साखर कारखान्यात उसाचा रस आटवून पगार घेतला होता.

सगळे त्यांना अण्णा म्हणत. कसबा बावड्यात उसाच्या फडाला लागून त्यांचं दुमजली घर, खाली ते आणि त्यांच्या पत्नी अक्का, वर आम्ही भाडेकरू. मी ज्युनिअर कॉलेजात अकाउंट्स शिकवते, नवरा फाउंड्रीत आहे. आम्ही पहिल्यांदा घर बघायला गेलो तेव्हा अण्णांनी नवऱ्याचा पगार विचारला नाही, आमची जात विचारली नाही. हे मी आधीच त्यांच्या बाजूनं सांगून टाकते, कारण पुढं त्यांच्या बाजूनं सांगण्यासारखं फारसं नाही. त्यांनी आम्हा दोघांना पायापासून वर न्याहाळलं आणि विचारलं, "गुडघं कसं हाईत?"

गुडघे ठीक आहेत म्हटल्यावर त्यांनी दोन अटी सांगितल्या. घरात अंडं-मटण शिजणार नाही, आणि वर्षातून एक रविवार त्यांच्याबरोबर बेटावर यायचं. कोल्हापुरात राहून रविवारी मटण नाही, ही पहिली अट ऐकून नवऱ्याचा चेहरा पडला होता, त्यामुळं दुसरी अट आमच्या नीट कानात शिरलीच नाही. पुढं आम्ही दर रविवारी पेठ वडगावला सासूबाईंकडे जेवायला जाऊ लागलो. सून किती मायाळू आहे, असं त्या शेजारपाजारी सांगत सुटल्या, आणि मी तो गैरसमज कधी दूर केला नाही.

घर तसं बरं होतं, फक्त पावसाळ्यात स्वयंपाकघराचा स्लॅब गळायचा. मी खाली जाऊन सांगितलं की अण्णा वर यायचे, मान वर करून ओल बघायचे आणि म्हणायचे, "गळती न्हाय ही. तुमच्या कुकरची वाफ हाय."

"अहो अण्णा, खाली पातेलं ठेवलंय, त्यात टपटप पडतंय."

"वाफ थंड झाली की पाणीच हुतंय की ओ मॅडम. सायन्स हाय ते."

पुढं बोलायची सोय नसे. ते एका कारखान्यात चीफ केमिस्ट होते, तिकडं सीमेच्या बाजूला, आणि चीफ हा शब्द ते निवृत्तीनंतरही असा उच्चारत, जणू खुर्ची अजून बुडाखालीच आहे. आम्ही त्या घरात राहिलो तितकी वर्षं ते पातेलं तिथंच राहिलं. 'माझं चुकलं' हे शब्द अण्णांच्या तोंडून ऐकलेला माणूस अख्ख्या बावड्यात शोधून सापडला नसता. अक्कांना मी एकदा विचारलं, तर त्या शेंगा फोडता फोडता नुसत्या हसल्या.

बेट म्हणजे धरणातलं बेट. पश्चिमेला, घाटाच्या अलीकडं एका धरणाचं पाणी पसरलंय. धरण झालं तेव्हा खालची शेतं आणि घरं पाण्यात गेली आणि एका डोंगराचा माथा तेवढा वर राहिला. त्या माथ्यावर जांभ्या दगडाचं सपाट, उघडं पठार आहे, सडा म्हणतात त्याला. सड्याच्या कडेनं कमरेएवढे दगड गोलात उभे केलेले आहेत, आणि सड्याच्या कातळावर चित्रं कोरलेली आहेत. मासा आहे, लांब शिंगांचं जनावर आहे, डोकं नसलेला माणूस आहे. निदान अण्णा तरी तसं म्हणायचे. पहिल्या वर्षी आम्हाला तिथं काळा कातळ आणि करवंदीची जाळी एवढंच दिसलं होतं.

ही यात्रा दर वर्षी ठरल्या साच्यात व्हायची. अंधार असतानाच भाड्याची ट्रॅक्स जीप दारात. अण्णांच्या डोक्यावर कारखान्यातलं पिवळं हेल्मेट, पायात गमबूट. बेटावर डोक्यात पडण्यासारखं काही नव्हतं, आभाळ सोडून. काठाला म्हादू होडी घेऊन उभा असायचा. म्हादूचं गाव त्याच पाण्याखाली गेलेलं, आता तो वरच्या वस्तीवर राहायचा आणि मासे धरायचा, कधीमधी माणसं पोचवायचा. अण्णा होडीत पाय टाकल्यापासून त्याला शिव्या घालायला सुरुवात करत. वल्हं असं धरतात होय, होडीत पाणी कुठनं आलं, तुझ्या बापानं तरी हे दगड कधी नीट बघितले होते काय. म्हादू प्रत्येक वाक्याला "व्हय अण्णा" म्हणायचा आणि होडी बरोब्बर तिथंच लावायचा जिथं लावायची असते. अण्णा त्याला येडा म्हणत, अगदी हाक मारायलासुद्धा. मला ते फार टोचायचं, आणि मी बोलूनही दाखवलं होतं. अण्णा म्हणाले, "येड्याला येडा म्हटलं की राग येत न्हाय ओ. शाण्याला येतोय."

सड्याच्या कडेला चपला काढायच्या. देव म्हणून नव्हे, चपलेची वाळू कोरलेल्या रेघांत जाते म्हणून. मग आम्ही सगळ्यांनी पालथं पडायचं. हो, पालथं. गाल कातळाला लावायचा, वरचा डोळा मिटायचा आणि खालच्यानं बघायचं. सूर्य तिरका असताना रेघांत जेमतेम सावली धरते, तेवढ्या वेळात दिसलं तर दिसलं. मी, नवरा, एका वर्षी बाजूच्या खोलीतला विमा एजंट आणि त्याची नवी बायको, सगळे मोठे लोक शर्ट-साड्यांसकट दगडावर आडवे, आणि मधून हेल्मेट घातलेला माणूस फिरतोय, "मान हलवू नका, मान हलवू नका" करत. विमा एजंटानं पुढच्याच महिन्यात घर बदललं. नवरा दर वर्षी पडल्या पडल्या झोपून जायचा, आणि त्याच्या घोरण्यावरून अण्णा आदिमानवाच्या झोपेविषयी बोलायला लागायचे.

तिसऱ्या वर्षी मला मासा दिसला. आधी नुसती एक वाकडी रेघ होती. मग ऊन जरासं सरकलं आणि ती रेघ वळली, तिला शेपटी फुटली, कल्ला फुटला. माझ्या हाताएवढा लांब, पोटाशी फुगलेला, अगदी नदीतला मासा. कुणीतरी इथं उकिडवं बसून दगडानं दगड ठोकत तो काढला होता, आणि तेव्हा खाली धरण नव्हतं, वाहती नदी होती. माझ्या अंगावर काटा आला. डोळ्यात पाणी आलं, ते मी कातळालाच पुसलं. तेवढ्यात वरून आवाज आला, "दिसला न्हवं? तीन वर्सं लागली. तुमच्या जागी म्हस असती तर तिनं पयल्याच वर्षी बघितला असता."

मी उठले, साडी झटकली आणि दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

अक्का कधी पालथ्या पडल्या नाहीत. सड्याच्या कडेला एक जांभळाचं झाड होतं, त्याखाली त्या डबे राखत बसायच्या. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी आणि दही, सगळ्यांना पुरून उरेल एवढं. अण्णा म्हणायचे, "हिला काय दाखवायचं? हिला काय कळतंय?" अक्का कर्नाटकाच्या हद्दीतल्या, फोनवर बहिणीशी कन्नडमध्ये तासतासभर बोलायच्या आणि खळखळून हसायच्या. मराठीत मात्र त्या मोजकंच बोलत. बोलायला जागा ठेवली असती तर बोलल्या असत्या, असं मला वाटायचं.

मग एका वर्षी दिवाळीनंतर बेटावर रिसॉर्ट होणार अशी बातमी आली. बाहेरच्या कुणीतरी बेट भाडेपट्ट्यानं घेतलं होतं. तंबू, बोटिंग, आणि आयता सपाट मिळाला म्हणून सड्यावर पोहण्याचा तलाव. तराफ्यावरून बेटावर न्यायचा जेसीबी काठावर येऊन उभासुद्धा राहिला होता. अण्णा गेली कित्येक वर्षं पुरातत्त्वाच्या लोकांना अर्ज करत होते आणि उत्तर येत नव्हतं. आता मात्र ते स्वतः त्यांच्या कचेरीत जाऊन ठाण मांडून बसले, आणि शेवटी त्यांना छळून छळून एका तज्ज्ञ बाईंची पाहणी ठरवून घेतली. बाईंनी दगड जुने आहेत म्हटलं तर काम थांबणार, नाही म्हटलं तर जेसीबी वर चढणार. इतका सरळ मामला होता. अण्णांना आयुष्यात दोनच गोष्टी हव्या होत्या, दगड जुने ठरावेत आणि आपण चुकलो असं कधी म्हणावं लागू नये. दोन्ही एकाच दिवशी पणाला लागतील, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

पाहणीच्या आधी मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले, तर तिथं निळे प्लास्टिकचे कॅन आणि ताठ केसांचे ब्रश ठेवलेले. नाकाला झोंबणारा वास येत होता. मला वाटलं, पाण्याची टाकी धुणार असतील. अण्णांना विचारलं, तर म्हणाले, "सफाई हाय जरा." पुढच्या रविवारी ते अक्कांना घेऊन म्हादूच्या होडीतून बेटावर गेले आणि संध्याकाळी परतले ते एकदम खुशीत.

"मॅडम, आता पालथं पडायची भानगड न्हाय. उभ्या उभ्या मासा दिसतोय, उभ्या उभ्या."

कसा काय, असं मी विचारलं. त्यांनी नुसती भुवई उडवली. चीफ केमिस्टची भुवई होती ती.

पाहणीच्या दिवशी आम्हालाही नेलं. नवरा आला कारण रविवार होता आणि अट होती. पुण्याहून आलेल्या बाई माझ्याहून लहान होत्या, केस कापलेले, पाठीला सॅक. सड्याच्या कडेला त्यांनी कुणी न सांगता बूट काढले, तेव्हा अण्णांच्या चेहऱ्यावर जरा समाधान दिसलं. लगेच मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगी हाय हो. हिला काय कळणार?" बरोबर गावचा तलाठी होता, आणि रिसॉर्टचा मॅनेजर. हा मॅनेजर दुर्दैवानं अत्यंत सज्जन माणूस निघाला. सगळ्यांशी अदबीनं बोलला, आणि सगळ्यांसाठी जेवण घेऊन आला. मोठाले स्टीलचे डबे. त्यानं ते जांभळाच्या झाडाखाली ठेवले, झाकण काढलं, आणि तांबड्या रश्श्याचा वास अख्ख्या बेटावर पसरला.

तलाठी आधीच बसला. नवरा माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी जरा सोबत म्हणून बसतो." अक्कांनी शांतपणे आपला डबा उचलला, पदर डोक्यावर घेतला आणि झाडाखालची सावली सोडून उन्हात, सड्यावर आमच्याकडे आल्या. मटणाच्या पंगतीत त्या बसणं शक्यच नव्हतं. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच चित्रांपाशी आलेल्या मी बघितल्या.

आणि मग मी खाली बघितलं. मासा खरंच उभ्यानं दिसत होता. काळा कातळ होता तिथं आता लाल, ताजा, ओल्या विटेसारखा दगड होता. मासा, शिंगांचं जनावर, बिनडोक्याचा माणूस, सगळे लखलखीत. रेघांच्या कडा मात्र मऊ पडल्या होत्या, माशाचा कल्ला तर जवळजवळ गेलाच होता. अण्णा मात्र हेल्मेट काखेत धरून, सत्काराला उभं राहावं तसे उभे होते.

बाई खाली बसल्या. भिंग काढलं. एका रेघेवरून बोट फिरवलं, मग दुसरीवरून. मग म्हणाल्या, "हे कुणी कोरलंय?"

"आदिमानवानं," अण्णा म्हणाले. "हजारो वर्सं झाली."

"नाही काका. बाकीच्या कातळावर काळा थर आहे, तो चढायला फार काळ लागतो. या रेघांमध्ये तो अजिबात नाही. आतला दगड ताजा आहे. मला वाईट वाटतं सांगायला, पण हे अगदी आत्ता आत्ताचं काम आहे."

मी अण्णांच्या तोंडाकडे बघितलं. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडावर मारलेला शब्द असा त्यांच्याच तोंडावर येऊन बसला, आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरं वाटलं. पण क्षणभरच. कारण मला गच्चीवरचे निळे कॅन आठवले, आणि सगळा प्रकार डोक्यात लख्ख झाला.

अण्णांनी सुरुवात केली. तुमचं वय काय, शिक्षण कुठं झालं, पुस्तकं वाचून दगड कळत नाहीत, मी इथं यायला लागलो तेव्हा तुम्ही झबल्यात होता. सगळं बोलले. बोलायचं होतं ते एक वाक्य सोडून सगळं. त्यांनी ते वाक्य उच्चारलं असतं तर दगड वाचले असते, हे त्यांना माझ्याहून चांगलं कळत होतं. कपाळावर घाम आला होता. मला त्या माणसाची इतकी चीड आली, की मीच आता सांगून टाकणार होते.

"बाई," अक्का म्हणाल्या. "मी सांगतो."

त्यांच्या गावाकडं बायका स्वतःविषयी असंच, पुरुषासारखं 'सांगतो' म्हणत बोलतात. बाईंनी वर बघितलं.

"गप," अण्णा म्हणाले.

"गप न्हाय. बाई, ह्यांनी धुतल्यात दगडं. कारखान्यात रसाच्या टाकीला कीट धरतंय न्हवं, नळ्यांच्या आत? ते ॲसिडनं काढत्यात. सीझन संपला की ह्यांचं त्येच काम हुतं. तसं धुतल्यात. कॅन मी धरलो हुतो. काळा मासा बघता बघता लाल झाला. मला बरं वाटलं न्हाय, पण मला काय कळतंय म्हणत्यात, म्हणून बोललो न्हाय." त्यांनी दम घेतला. "दगडं जुनीच हाईत, बाई. ह्यांचं ॲसिड नवं हाय."

झाडाखालून नवऱ्याचं आणि तलाठ्याचं हसणं ऐकू येत होतं, मॅनेजर वाढत होता. तिकडं कुणालाच काही ऐकू गेलं नव्हतं. बाई अण्णांकडे बघत होत्या.

"काका, खरंय?"

अण्णांनी नजर पाण्याकडं वळवली.

"न धुतलेलं काही राहिलंय का? काहीही. एखादी रेघ."

मग अण्णांनी हेल्मेट खाली ठेवलं. पाण्याच्या बाजूच्या कडेला, करवंदीच्या जाळीपलीकडं गेले आणि एक एक गुडघा टेकत, हात टेकत, कातळावर पालथे पडले. गाल दगडाला लावला.

"या हिकडं," ते पडल्या पडल्या म्हणाले. "हितं पोचायच्या आत कॅन संपला."

बाई त्यांच्या शेजारी पालथ्या पडल्या. मीही पडले. काळ्या कातळावर काळ्या रेघा, दोन लहान मासे आणि एक पाऊल. बाईंचा श्वास मला ऐकू येत होता. "हो," त्या हळूच म्हणाल्या. "हो काका. हे जुनं आहे."

अण्णा चुकलो म्हणाले नाहीत. धुतलं असंही म्हणाले नाहीत. घरी येताना ट्रॅक्समध्ये ते सगळ्यात पुढं बसले आणि अक्का सगळ्यात मागं.

अहवाल आला. दगड आणि चित्रं प्राचीन, काम थांबवावं. जेसीबी काठावरून हलला. आणि अहवालात एक वाक्य होतं, की अज्ञात व्यक्तींनी रासायनिक द्रव टाकून चित्रांचं मोठं नुकसान केलं आहे, त्याबद्दल पोलिसांत तक्रार देण्यात येत आहे. बाईंनी म्हाताऱ्या माणसाची दया केली होती. अण्णांनी ते वाक्य मला मोठ्यानं वाचून दाखवलं, 'अज्ञात'पाशी जरा थांबले, आणि पेढे वाटले. मला वाटलं, किती कोडगा असावा माणूस! मी पेढा घेतला नाही. अक्कांनीही घेतला नाही. दोघी एकाच वेळी 'नको' म्हणालो, तर म्हणाले, "साखर कमी हाय, घ्या की."

पुढच्या आठवड्यात मी भाडं द्यायला खाली गेले होते, तेव्हा अक्कांचा फोन वाजला. म्हादूची बायको रडत होती. पोलिसांनी सकाळपासून म्हादूला ठाण्यात बसवून ठेवलं होतं. बेटावर माणसं तोच नेतो, तेव्हा ॲसिडवाला एक तर त्यानं नेला किंवा तोच ॲसिडवाला, असा त्यांचा हिशेब. अक्कांनी फोन ठेवला आणि अण्णांना सगळं सांगितलं. अण्णा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर घडी करून ठेवला, चप्पल घातली आणि मला म्हणाले, "मॅडम, गाडी काढताय?"

अक्का न सांगताच मागच्या सीटवर येऊन बसल्या. ठाण्यात म्हादू बाकावर बसला होता, हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. आम्हाला बघून त्यानं मान खाली घातली.

"ह्याला का बसवून घेतलंय?" अण्णांनी हवालदाराला विचारलं.

"चौकशी हाय. कुणाला नेलतं इचारलं तर ध्यानात न्हाय म्हणतोय. सकाळधरनं त्येच. आता ह्यानंच केलं म्हणायचं की."

"नाव सांगत न्हाय?"

"न्हाय."

अण्णांनी म्हादूकडे बघितलं. म्हादूनं वर बघितलं नाही. आयुष्यभर ज्याला येडा म्हटलं, तो माणूस सकाळपासून ह्यांचं नाव गिळून बसला होता. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. अण्णांचा चेहरा मात्र तांबडा लाल झाला, आणि त्यांनी तोंड उघडलं ते नेहमीसारखंच.

"ह्यानं? ह्यानं केलं म्हणताय? ओ हवालदार, ह्याला ॲसिड कशाशी खात्यात ते तरी ठाव हाय काय? आधी कॉस्टिक सोडा लावाय लागतोय. तो मुरू द्याय लागतोय. मग ॲसिड. त्यात पाणी किती घालायचं ह्याला माप हाय. मग ब्रश, मग परत पाणी. ह्या येड्यानं केलं असतं तर ह्याची बोटं गेली असती आणि होडीला भोक पडलं असतं. अडाण्याचं काम न्हाय ते. केमिस्टचं काम हाय."

"मग कुणी केलं?"

"चीफ केमिस्टनं," अण्णा म्हणाले. "मी. लिवून घ्या."

हवालदाराला आधी चेष्टा वाटली. मग त्यानं कागद घेतला. अण्णांनी सगळी पद्धत सांगितली, टप्प्याटप्प्यानं, कारखान्यातल्या हाताखालच्या माणसाला काम समजावून द्यावं तशी. हवालदार मागं पडला की त्याच्यावर खेकसायचे. गुन्हा कबूल करतानाही हा माणूस दुसऱ्याची अक्कल काढत होता, आणि मला हसू आवरेना, रडूही आवरेना. अक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"दगडाचं नुकसान हुईल, ठाव हुतं?" हवालदारानं शेवटी विचारलं.

अण्णांनी टेबलाची कडा धरली. अक्का त्यांच्याकडे एकटक बघत होत्या.

"न्हाय," ते म्हणाले. "ठाव नव्हतं मला."

त्यांनी सही केली. आता खटला होईल, तारखा पडतील, वगैरे हवालदार सांगत होता. ते सगळं पुढं झालंही. म्हादूला जायला सांगितलं. आम्ही बाहेर आलो तर तो गेटपाशी थांबलेला. त्यानं अण्णांना वाकून हात जोडले.

"तुमच्यामुळं सुटलो बगा, अण्णा."

"माझ्यामुळंच अडकलातास," अण्णा म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्याला नावानं हाक मारली. "म्हादू, गाडीत बस. घरी सोडतो तुला."